एका शाळेची ७५ मिनिटे

अनुबोधपट हा शब्द उच्चारला की एका विशिष्ट पिढीच्या मनात चित्राआधी आवाज जागा होतो. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि पुढे कित्येक दशके देशभरच्या चित्रपटगृहांतून मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी या संस्थेचा एखादा अनुबोधपट किंवा वार्तापट दाखवावाच लागे. धरणाची भिंत असो, हातमाग असो, साथीचा रोग असो की लोकनृत्य असो, पडद्यामागून एक भारदस्त, घोटीव आवाज येई आणि आपण काय पाहत आहोत, त्याचा अर्थ काय, त्याविषयी आपल्याला काय वाटले पाहिजे, हे सारे तो समजावून सांगे. त्या आवाजाची थट्टा पुष्कळ झाली आहे. मला ती करावयाची नाही. त्यात आस्था होती, नव्या देशाला शहाणे करून सोडण्याची घाई होती. पण त्यात वर्गातल्या गुरुजींचा सूरही होता. आज ज्या अनुबोधपटाविषयी मी बोलणार आहे, त्यात असा निवेदकाचा आवाज मुळीच नाही. आणि गंमत अशी की, त्याचा विषय मात्र गुरुजींचा आवाज हाच आहे.

या अनुबोधपटाचे नाव 'हायस्कूल'. फ्रेडरिक वाइझमन या अमेरिकन दिग्दर्शकाने तो १९६८ साली पूर्ण केला. वाइझमन १९३० साली बोस्टन येथे जन्मला. शिक्षणाने वकील, काही काळ कायद्याचा अध्यापक. पुढे तो चित्रपटांकडे वळला आणि १९६७ साली त्याने मॅसॅच्युसेट्स राज्यातील मनोरुग्ण कैद्यांच्या एका इस्पितळावर 'टिटिकट फॉलीज' हा पहिला अनुबोधपट केला. तो इतका झोंबला की, न्यायालयाने त्याच्या जाहीर प्रदर्शनावर घातलेले निर्बंध १९९१ सालापर्यंत उठले नाहीत. वेड्यांच्या तुरुंगातून निघालेला हा मनुष्य दुसऱ्या चित्रपटासाठी शाळेत शिरला, हा योगायोग त्याच्या टीकाकारांनी लक्षात ठेवला नसता तरच नवल.

शाळा होती फिलाडेल्फिया शहरातील नॉर्थईस्ट हायस्कूल. मुलामुलींची मोठी सार्वजनिक शाळा. बहुतेक विद्यार्थी गोऱ्या मध्यमवर्गातले. शहरात शाळेचा लौकिक चांगला. हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मोडक्या बाकांची, गळक्या छपरांची शाळा दाखवून प्रेक्षकाला हळहळ वाटायला लावणे सोपे असते. वाइझमनने पालक जिच्या प्रवेशासाठी धडपडतील अशी शाळा निवडली. इथे कोणी मुलांना मारीत नाही. शिक्षक कामचुकार नाहीत, उलट कर्तव्यदक्ष आहेत. जे काही घडते ते चांगल्या हेतूने घडते, आणि म्हणूनच ते पाहताना आपली हळूहळू चुळबुळ सुरू होते.

चित्रपट ७५ मिनिटांचा, कृष्णधवल, १६ मिलिमीटरच्या फितीवर चित्रित केलेला. खांद्यावर पेलता येईल असा कॅमेरा आणि त्याच्याशी मेळ राखून जागच्या जागी ध्वनी टिपणारे यंत्र, ही दोन्ही साधने १९६० च्या सुमारास प्रचारात आली आणि अनुबोधपटाची जातच बदलली. 'हायस्कूल'मध्ये कॅमेरा रिचर्ड लीटरमनच्या हाती होता. वाइझमन स्वतः ध्वनिलेखन करी, आणि पुढेही बहुतेक सर्व चित्रपटांत त्याने तेच केले. नभोवाणीच्या श्रोत्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते: हा दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावून बसत नसे, तो कान देऊन उभा राही. त्याच्या चित्रपटात निवेदन नाही, मुलाखती नाहीत, वरून घातलेले पार्श्वसंगीत नाही. पडद्यावर दिसणारी व्यक्ती मुख्याध्यापक आहे की शिपाई, हे सांगणारी एक ओळसुद्धा नाही. ते आपले आपण ओळखायचे. वर्गात उशिरा आलेल्या मुलाने शेजाऱ्याच्या वहीत डोकावून ओळखावे तसे.

आरंभी मोटारीच्या खिडकीतून दिसणारा रस्ता, मागे सरणारी घरे आणि ओटिस रेडिंगचे 'डॉक ऑफ द बे' हे गाणे. हा तरुण कृष्णवर्णीय गायक १९६७ च्या डिसेंबरात विमान अपघातात मरण पावला आणि गाणे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध होऊन घरोघर पोहोचले होते. बंदराच्या कडेला नुसता बसून वेळ घालवणाऱ्या माणसाचे ते गाणे. ते संपते न संपते तोच समोर शाळेची इमारत येते, आणि ती पाहून पहिली आठवण कारखान्याची होते.

आपल्या शाळांतून परिपाठाच्या वेळी फळ्यावर सुविचार लिहिण्याची चाल आहे. तशी ती त्या शाळेतही आहे. शिक्षक दिवसाच्या सूचना वाचून दाखवता दाखवता त्या दिवसाचा सुविचारही वाचतात. माणूस आपला उद्या आजच्या आचारविचारांतून घडवतो, अशा अर्थाचा तो सुविचार आहे. आपणही असे शेकडो सुविचार ऐकले आहेत आणि विसरलो आहोत. वाइझमन मात्र तो विसरू देत नाही. पुढची सत्तर मिनिटे त्या सुविचाराचा पडताळा पाहण्यात जातात: इथे आज काय चालले आहे आणि त्यातून कोणता उद्या घडणार आहे?

मग प्रसंगामागून प्रसंग येतात. वर्ग चालू असताना मार्गिकेत दिसणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ बाहेर येण्याची चिठ्ठी आहे की नाही, हे तपासत हिंडणारे एक गृहस्थ. समारंभाला नेसायच्या झग्याची लांबी किती असावी यावरून एका मुलीची झालेली कानउघाडणी. मुलीचे लेखी काम उत्तम असताना तिला नापास का केले, असे शिक्षकांना विचारणारा, आणि तिच्या पुढच्या प्रवेशाची चिंता लागलेला एक बाप. त्या बापाचा चेहरा आपल्याला अगदी ओळखीचा वाटतो. तो फिलाडेल्फियात आहे की लातूरला, याने काही बिघडत नाही. टंकलेखनाचा वर्ग, पाककलेचा वर्ग, सभागृहात मुलग्यांपुढे स्त्रीपुरुषसंबंधांविषयी बोलणारे डॉक्टर आणि त्यांच्या विनोदांना मिळणारा नको इतका मोठा हशा. अंतराळयानाच्या प्रतिकृतीत दिवसच्या दिवस काढून बाहेर येणारी, अंतराळवीरांसारखे पोशाख केलेली मुले. आणि एका तरुण शिक्षिकेचा वर्ग. ती सायमन आणि गार्फंकेल या तेव्हाच्या लोकप्रिय जोडीचे एक गीत कविता म्हणून शिकवते, मग ध्वनिमुद्रण लावते, आणि कॅमेरा ते ऐकणाऱ्या मुलांच्या तोंडावरून फिरतो. काही चेहरे ऐकत आहेत, काही केव्हाच खिडकीबाहेर गेले आहेत.

या सर्वांत एक प्रसंग असा आहे की, तो पाहिलेल्या माणसाने पुढे चित्रपटाविषयी बोलायचे म्हटले की, बोलणे तिथेच येऊन थांबते. एका मुलाला शाळा सुटल्यावर मागे थांबण्याची शिक्षा झाली आहे. शिस्तीचे खाते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तो उभा आहे. दोष आपला नव्हता, असे तो म्हणतो. अधिकारी रागावत नाहीत. ते त्याला समजावतात की, दोष कोणाचा हा आता प्रश्नच नाही; प्रश्न आहे तो तू पुरुषासारखा वागतोस की नाही हा, आणि पुरुषासारखे वागणे म्हणजे हुकूम पाळता येणे. मुलगा म्हणतो, हे माझ्या तत्त्वाविरुद्ध आहे, माणसाने कशासाठी तरी उभे राहिले पाहिजे. अधिकारी म्हणतात, यात तुझ्या तत्त्वाचा संबंध येत नाही. अखेर मुलगा शिक्षा पत्करतो, पण निषेध नोंदवून. आणि अधिकाऱ्यांचे तेवढ्याने समाधान होते. निषेध मनात ठेव, हवा तर बोलूनही दाखव, देहाने तेवढा खोलीत बसून राहा.

या संवादात कोणी कोणावर हात उगारलेला नाही. तरीही तो ऐकताना कसेसेच होते, याचे कारण मला असे वाटते की, इथे दोन शब्दांची डोळ्यांदेखत सोयरीक लावली जात आहे: पौरुष आणि आज्ञाधारकपणा. मुलाने दिलेले उत्तर खरे की खोटे, हे कोणी तपासत नाही. आपल्या भाषेत 'उलट उत्तर' असा एक शब्दप्रयोग आहे. तो कोणी केव्हा घडवला कोण जाणे, पण घडवणारा मोठा धूर्त असला पाहिजे. उत्तर बरोबर की चूक याची चौकशी त्यात नाहीच. ते खालून वर गेले, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हा फिलाडेल्फियाचे ते अधिकारी आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

चित्रण झाले ते १९६८ च्या वसंतात. व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात होते, आणि अमेरिकेत अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवावे लागे. त्याच वसंतात ४ एप्रिलला मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शाळेच्या भिंतींतून हे सारे फटीतून उजेड यावा इतपतच आत येते. एका तासाला शिक्षक मुलांना विचारतात, ज्या मंडळात काही सभासद कृष्णवर्णीय आहेत त्यात तुम्ही जाल का, हात वर करा. हात वर होतात, खाली होतात. मैदानावर शाळेचा एक माजी विद्यार्थी, आता सैनिक, खेळाच्या शिक्षकांशी बोलत उभा आहे. बोलणे आहे युद्धात जखमी झालेल्या एका ओळखीच्या मुलाविषयी. चित्रपटात एकदाच मुले शाळेविषयी मोकळेपणाने बोलतात. काळा चष्मा घातलेला एक मुलगा म्हणतो की, विज्ञानाच्या बाबतीत ही शाळा फार पुढे असेल, पण नैतिक आणि सामाजिक बाबतीत ती केराची टोपली आहे. मुले हसतात. पुढचा तास सुरू होतो.

आणि मग शेवट. शिक्षकांच्या सभेत शाळेच्या प्रमुख बाई एक पत्र वाचून दाखवतात. पत्र आहे एका माजी विद्यार्थ्याचे. तो व्हिएतनाममध्ये शत्रूच्या मुलखात उतरवला जाणार आहे. आपण परत आलो नाही तर आपल्या विम्याची रक्कम शाळेला मिळावी आणि तिच्यातून गरजू मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, असे त्याने लिहिले आहे. आपली फार काळजी करू नये, आपण केवळ नेमून दिलेले काम करणारा एक देह आहोत, असेही त्याने लिहिले आहे. पत्र वाचताना बाईंचा स्वर भारावलेला आहे. वाचून संपल्यावर त्या म्हणतात की, असे पत्र येते याचा अर्थ आपली शाळा फार यशस्वी झाली आहे. इथे चित्रपट संपतो. त्यानंतर संगीत नाही, स्पष्टीकरण नाही.

या शेवटाचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही खरे आहेत. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला आपल्या शाळेची आठवण व्हावी आणि आपल्यामागे कोणा अनोळखी मुलाच्या फीची सोय व्हावी असे त्याला वाटावे, यात उदात्त असे काही नाही, असे कोण म्हणेल? त्या बाईंना गहिवरून येते ते ढोंग नव्हे. पण आधी त्या शिक्षा झालेल्या मुलाला जे शिकवले जात होते, तेच या पत्रात परत आले आहे, हेही ऐकल्यावाचून राहवत नाही. देह खोलीत बसवला गेला होता. आता देह काम करीत आहे.

निवेदक नसल्यामुळे अर्थ लावण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते, आणि प्रेक्षक ती आपापल्या बुद्धीने पार पाडतो. वाइझमनने स्वतः सांगितलेला एक किस्सा आहे. १९६९ साली बोस्टन येथे हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा लुईज डे हिक्स या बाई तो पाहायला आल्या होत्या. बोस्टनच्या शालेय समितीवर त्यांनी काही वर्षे काढली होती आणि गोऱ्या व काळ्या मुलांना एकत्र शिकवण्याच्या धोरणाला त्यांचा असलेला विरोध सर्वश्रुत होता. त्या संतापतील, अशी वाइझमनची खात्री. पण चित्रपट संपल्यावर त्या त्याच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या की, फारच सुरेख शाळा दाखवलीत. बाई थट्टा करीत आहेत असे त्याला आधी वाटले. नंतर त्याच्या ध्यानात आले की, त्यांनी तेच सारे पाहिले होते आणि त्यांना ते मनापासून आवडले होते.

मात्र निवेदक नाही म्हणून चित्रपट निःपक्षपाती आहे, असा भोळा समज कोणी करून घेऊ नये. कित्येक तासांच्या चित्रणातून ७५ मिनिटे निवडली जातात. ती निवड हेच भाष्य असते. कॅमेरा बोलणाऱ्याच्या ओठांजवळ जातो, जाड भिंगांच्या चष्म्याजवळ जातो, हलणाऱ्या तर्जनीवर थांबतो. कोणाही मास्तरांची तर्जनी एवढी मोठी करून दाखवली तर ती दंडुक्यासारखीच दिसणार. एका ठिकाणी एक वयस्क शिक्षिका बेसबॉलवरची एक जुनी लोकप्रिय कविता वर्गात वाचते, आणि लगेच पुढच्या दृश्यात मुली व्यायामशाळेत बॅट फिरवताना दिसतात. प्रेक्षक हसतात. मला हा विनोद हलका वाटतो. कविता वाचणाऱ्या त्या बाईंनी कोणाचे काही वाईट केले नव्हते. चित्रपटाविषयी फिर्यादीची मोघम भाषा होऊ लागली, तेव्हा वाइझमनने त्या काळी तो खुद्द फिलाडेल्फियात न दाखवण्याचे ठरवले. याचा अर्थ असा की, ज्यांचे चेहरे जगभर दिसले त्यांच्या गावालाच ते दिसले नाहीत. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत 'हायस्कूल'चा समावेश झाला आणि राष्ट्राचा ठेवा म्हणून तो जतन करण्याजोगा ठरला. त्या शिक्षकांना या सन्मानाचे काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक उणीव आहे, आणि ती मला अधिक मोठी वाटते. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांवरच्या या चित्रपटात मुले फारशी नाहीत. त्यांची मैत्री, त्यांचे रुसवे, मधल्या सुटीतल्या गप्पा, घरी परत जाताना रस्त्यात होणारी कुजबुज, यांपैकी जवळजवळ काही नाही. मोठी माणसे बोलतात आणि मुले ऐकतात, किंवा ऐकल्यासारखे करतात. वाइझमनच्या बाजूने असे म्हणता येईल की, शाळेत घडते तेच त्याने दाखवले. तरीही त्या वयाचे सगळे जिणे शाळेच्या घंटेत मावत नाही.

वाइझमन पुढे पुन्हा एकदा शाळेत गेला. १९९४ साली त्याने 'हायस्कूल टू' पूर्ण केला. ही शाळा न्यूयॉर्क शहराच्या ईस्ट हार्लेम वस्तीतली, सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूल. डेबोरा मायर यांनी चालवलेली, बहुतेक मुले कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकन घरांतली. पहिल्या चित्रपटाची लांबी ७५ मिनिटे, दुसऱ्याची २२० मिनिटे. या वाढलेल्या लांबीचे कारण साधे आहे: इथे मुले बोलतात, आणि बोलणाऱ्या मुलाला वेळ लागतो. भांडण झालेल्या दोन लहान विद्यार्थ्यांचा समेट मोठे विद्यार्थी घडवून आणतात, तेव्हा प्रत्येकाचे म्हणणे पुरतेपणी ऐकले जाते. खरे सांगायचे तर हा दुसरा चित्रपट पहिल्याइतका खिळवून ठेवीत नाही. मधूनमधून डुलकी येईल इतका तो संथ आहे. हुकूम एका वाक्यात देता येतो, समजूत घालायला तास लागतो, आणि चित्रपटाला तास परवडत नाहीत.

आपल्या देशातही या वाटेने एक मोठे काम झाले आहे. डेव्हिड मॅकडूगल हे मानवशास्त्राच्या अंगाने अनुबोधपट करणारे दिग्दर्शक १९९७ पासून काही वर्षे कॅमेरा घेऊन देहरादूनच्या डून स्कूलमध्ये राहिले. त्यातून २००० ते २००४ या काळात पाच चित्रपट तयार झाले. 'डून स्कूल क्रॉनिकल्स' हा त्यांतला पहिला. डून स्कूल ही १९३५ साली स्थापन झालेली मुलग्यांची निवासी शाळा. तिथली मुले बहुतेक संपन्न घरांतली, तेव्हा त्या चित्रपटांना भारतीय मुलांचे प्रातिनिधिक चित्र म्हणता येणार नाही. पण त्यांतली पद्धत वाइझमनहून निराळी आहे. मॅकडूगल कॅमेरा स्वतः चालवतात आणि मुले सरळ त्यांच्याशी बोलतात. घर सोडून नुकतीच आलेली बारा-तेरा वर्षांची मुले वसतिगृहात पहिले वर्ष कसे काढतात, कोणाला घरची आठवण येते, कोण ती लपवतो, हे 'विथ मॉर्निंग हार्ट्स'मध्ये दिसते. गणवेशाचे रंग, भोजनगृहातल्या पोलादी ताटांचा आवाज, रांगा, घंटा यांकडेही ते बारकाईने पाहतात, कारण शाळा मुलाला केवळ उपदेशाने घडवीत नाही, ती त्याच्या अंगवळणी पडते. फिलाडेल्फियाच्या चित्रपटात मुलांच्या तोंडून जे फारसे ऐकू येत नाही, ते देहरादूनच्या चित्रपटात ऐकू येते. उलट सत्ता म्हणजे काय, ती किती गोड शब्दांत बोलते, हे फिलाडेल्फियाइतके स्वच्छ देहरादूनला ऐकू येत नाही.

निषेध नोंदवून शिक्षा पत्करणाऱ्या त्या मुलाचे पुढे काय झाले, हे 'हायस्कूल' सांगत नाही. त्याच्या वाट्याला काही मिनिटे आली आणि ती संपली. १९६८ साली तो सोळा-सतरा वर्षांचा असेल, तर आज, हयात असल्यास, सत्तरी ओलांडून गेलेला असेल. त्याने पुढे लष्कराचा पोशाख चढवला की नाही, आणि घरात कोणी उलट उत्तर दिले तर तो त्याला काय म्हणतो, हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक.